वाचक विचारतात : कवटी, झेंडू आणि म्हाळाच्या पानाशेजारची विडी

मागच्या अंकात मेक्सिकोच्या 'मृतांच्या दिवसा'वर आणि तिथल्या चित्रकारांच्या कवट्यांवर लिहिलं, त्यावर बरीच पत्रं आली. काही चिडलेली, काही एकदम कामाची. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी जमत नाही, तेव्हा ही निवडक.

सर, मी बेळगावात पेंटिंग शिकतेय, गाव खानापूर तालुक्यात. वार्षिक प्रदर्शनाला आजोबांवर चित्रांची सिरीज करायचीय. ते मागच्या पावसाळ्यात गेले. मेक्सिकन स्टाइलनं त्यांचा चेहरा कवटीचा करायचा, डोळ्यांभोवती झेंडूच्या पाकळ्या, असं डोक्यात होतं. पण स्केच बघून आई म्हणाली, "म्हाताऱ्याची कवटी काढूलीस व्हय गं?" आणि बोलायचंच बंद केलं. आधीच म्हाळाला काकांनी पानाशेजारी विडी ठेवली (आजोबांना लागायची) म्हणून भटजी ओरडले होते, त्यात हे. काय करू?
— एक विद्यार्थिनी, खानापूर

अगं, तुझं चित्र तू पत्रातच लिहून पाठवलंयस की! ती विडी.

नीट सांगतो. मेक्सिकोत १ नोव्हेंबरला गेलेल्या लेकरांची आणि २ तारखेला मोठ्यांची आठवण काढतात, घरात ओफ्रेंदा मांडतात, म्हणजे गेलेल्यांसाठी मांडलेली आरासच म्हण. त्यावर पाण्याचा ग्लास असतो (लांबून आलेल्याला तहान लागलेली असणार), मीठ, मेणबत्त्या, कोपाल नावाचा धूप, खास त्या दिवसापुरता भाजलेला गोड पाव, आणि मग त्या त्या माणसाचं आवडीचं, कुणाला मोले (मिरची-मसाल्याचं दाट कालवण), कुणाला टकीला, कुणाला सिगारेटचं पाकीट, आणि तिथं कुणी ओरडत नाही. कवट्या असतात, पण त्या साखरेच्या, कपाळावर आयसिंगनं नाव घातलेल्या, आणि कितीदा ते नाव जिवंत मित्राचंच असतं, एकमेकांना गंमत म्हणून देतात. गेलेला माणूस ओळखायचा तो मध्ये ठेवलेल्या फोटोवरून. म्हणजे तुझ्या आईचं अगदीच चुकलं असं मला तरी वाटत नाही. कवटी कुणाचीही असते गं, तिच्यात तुझे आजोबा कुठं दिसणार?

तेव्हा त्यांच्याकडून घ्यायचं तर कवटी नको, ती मांडणी घे. माणूस गेला की त्याच्या वस्तू कशा बोलतात ते बघ. काडेपेटी कुठल्या खिशात असायची, विडी विझवून अर्धी कानावर ठेवायचे का, चंचीला गाठ कशी मारायचे, धोतराला कुठं भोक पडलेलं. आईला आणि काकांना विचार, म्हाळाच्या पानावर त्यांच्यासाठी मुद्दाम काय वाढतात. वडे, खीर, कढी सगळ्यांकडंच असते, पण एखादी भाजी अशी असते की ती "त्यांना लागायची" म्हणूनच होते. ते पान कॅनव्हासभर मोठं काढ, शेजारी विडी. भटजींना चित्रात ओरडता येत नाही. आणि हे विचारायला गेलीस की आई आपोआप बोलायला लागेल बघ.

झेंडू मात्र ठेव, त्याचं खाली सांगतोच.

रीलवर पोरी तोंडाला कवटी रंगवून, मोठी हॅट घालून फिरतायत, ती कॅटरिना म्हणे. ही कुठली देवी?
— एक वाचक, निपाणी

देवी नाही हो, टिंगल आहे ती! होझे ग्वादालुपे पोसादा म्हणून एक छापचित्रकार होता, जन्म १८५२ चा, आग्वासकालिएन्तेस गावचा. पुढं मेक्सिको सिटीत वानेगास आरोयो यांच्या छापखान्यासाठी स्वस्त रंगीत कागदांवरच्या पत्रकांची चित्रं करायचा. खून, भूकंप, पुढाऱ्यांच्या भानगडी, आणि मृतांच्या दिवसाला सांगाडे. सांगाडे सायकलवर, सांगाडे दारू पिताना, खाली चावट कविता. त्यातच १९१० च्या आसपास त्यानं जस्ताच्या पत्र्यावर फुलं-पिसांची भली मोठी हॅट घातलेली एक कवटी कोरली, बाकी काहीच नाही. मूळच्या तिथल्याच आदिवासी रक्ताच्या असून युरोपियन असल्याचा आव आणणाऱ्यांना मारलेला तो टोमणा होता. (आपल्याकडं असे टोमणे मारायला जागा कमी आहे का? बेळगावच्या कॅम्पात एक चक्कर मारा.)

पोसादा १९१३ मध्ये गेला, गरिबीत, आणि पुढं त्याची हाडं सार्वजनिक खड्ड्यात गेली. त्याच्या कवटीला अंग आणि झगा दिला चित्रकार दिएगो रिवेरानं, १९४७ च्या मोठ्या भित्तिचित्रात, आणि कात्रिना हे नावही तिथूनच रूढ झालं. पंधरा मीटर लांबीचं चित्र आहे ते, मेक्सिको सिटीतल्या आलामेदा बागेतला रविवार. मध्यभागी कात्रिना, तिच्या एका हातात पोसादाचा हात, दुसऱ्या हातात छोट्या रिवेराचा (स्वतःला त्यानं पोरगा म्हणून काढलंय), मागं त्याची चित्रकार बायको फ्रीदा काहलो उभी. चित्र होतं एका हॉटेलात, १९८५ च्या भूकंपात हॉटेलचं नुकसान झालं तेव्हा ते हलवून त्याच्यासाठी वेगळं म्युझियम केलं.

आणि मेक्सिको सिटीतली ती मोठी मिरवणूक, जी बघून रील करतात ना, ती २०१६ ला सुरू झाली, तीसुद्धा एका बाँडपटात तसली मिरवणूक दाखवली म्हणून. जुनी परंपरा म्हणून सांगणाऱ्यांना एवढं जरूर ऐकवा.

हे म्हणजे आपला पितृपक्षच झाला की. मग तिकडचं कशाला उगाळायचं?
— एक वाचक, शहापूर

झाला, आणि नाहीही झाला. गेलेली माणसं ठरल्या दिवसात जेवायला येतात, त्यांच्या आवडीचं करायचं, हे दोन्हीकडं आहे. पण आपल्याकडं कावळा शिवेपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला, "सगळं करतो बाबा आम्ही, काळजी करू नको" असं गच्चीवर हात जोडून म्हणायचं, पंधरवड्यात नवीन काही घ्यायचं नाही, शुभकार्य नाही. तिकडं कित्येक गावांत लोक रात्री कबरीपाशी बसून खातात, गातात, बँड लावतात. एका ठिकाणी धाक जास्त आहे, दुसरीकडं गप्पा जास्त आहेत, आणि मला विचाराल तर आपल्या चित्रकारांनी त्या गप्पांमधलं थोडं उचलायला हरकत नाही.

आणि "तिकडचं" म्हणालात म्हणून. तुम्ही दसऱ्याला दारावर, गाडीवर, शिलाई मशिनवर जो झेंडू बांधता तो मूळचा मेक्सिकोचाच, पोर्तुगीजांबरोबर इकडं आला असं मानतात, आणि गोवा आपल्याला किती लांब ते तुम्हाला सांगायला नको. तिकडं त्याच्या पाकळ्यांची दारापासून ओफ्रेंदापर्यंत वाट काढतात, वासावर आणि रंगावर आत्मा घर शोधत येतो म्हणून. आपल्याकडं तोच झेंडू तोरणातही आणि तिरडीवरच्या हारातही. हा विषय आपल्या एकाही चित्रकारानं धरून काम करू नये, याचं मला जरा आश्चर्य वाटतं.

शाळेत मुलांकडून मृतांच्या दिवसाला लावतात ते कोरलेले कागदी झेंडे करून घ्यायचेत. कसे करतात?
— एक शिक्षिका, चिकोडी

सोपं आहे मॅडम. पापेल पिकादो म्हणतात त्याला, प्वेब्ला राज्यातलं सान साल्वादोर उइक्सकोलोत्ला गाव यासाठी प्रसिद्ध आहे. तिथले कारागीर पातळ कागदांचा गठ्ठा घेतात, वर नक्षीचा कागद, खाली शिशाचा पत्रा, आणि छोट्या छिन्न्या हातोडीनं मारत एका दमात गठ्ठाच्या गठ्ठा कोरतात. मुलांच्या हातात छिन्नी देऊ नका. आकाशकंदिलाचा पतंगी कागद घ्या, दोन-तीनदा घडी, कात्रीनं कडेकडेनं नक्षी, वरची बाजू दोऱ्यावर दुमडून डिंकानं चिकटवा. खळ नको, पतंगी कागद लगेच फाटतो. कवटीच हवी असा हट्ट धरू नका, कुणी आजीचा अडकित्ता कापेल, कुणी मेलेली म्हैस, कापू दे.

साखरेचं काही करायचं असेल तर गौरी हुण्णिमेला (म्हणजे पौर्णिमेला) बाजारात साखरेच्या आरत्या येतात ना, त्यांचे लाकडी साचे कुणाच्या तरी घरी पडून असतील. ते मागून आणा. पाक मात्र तुम्हीच करा, पोरांना गॅसपाशी जाऊ देऊ नका.