वाचकांचे प्रश्न : मोठे झाड उतरवायला चेनसॉ किती मोठा हवा?

प्रश्न : आम्ही चौघे जण मिळून नागपुरात झाडांच्या छाटणीची आणि धोकादायक झाडे उतरवण्याची कामे घेतो. महाल भागातील एका जुन्या वाड्याच्या मागे चिंचेचे मोठे झाड आहे. त्याच्या मुळांनी मागची भिंत फाटत चालल्यामुळे मालकांनी ते काढण्याची परवानगी मिळवली आहे. छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर 11 फूट भरतो. एका बाजूला घर आणि दुसऱ्या बाजूला विजेच्या तारा असल्यामुळे झाड वरून तुकड्यातुकड्यांनी उतरवावे लागेल. आमच्याकडे सध्या 58 सीसीच्या इंजिनाचा, 22 इंची बारचा (ज्या लांब पात्याभोवती चेन फिरते तो बार) एक चेनसॉ आहे. दुकानदार म्हणतात की एवढ्या झाडाला 36 इंची बारचे यंत्रच हवे. पैसे एकाच यंत्रापुरते आहेत. चढूनही वापरता येईल आणि बुंधाही कापता येईल असे एक यंत्र कोणते?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : तुमच्या पत्रातील शेवटच्या वाक्याचे उत्तर आधी देतो, कारण जिवाचा प्रश्न तिथेच आहे. असे एक यंत्र नाही. चेनसॉची निवड झाडाच्या जाडीवरून सुरू होत नाही. कापणारा माणूस कुठे उभा आहे, यावरून सुरू होते. जमिनीवर पाय रोवून उभ्या असलेल्या माणसाला जे यंत्र योग्य, तेच 30 फुटांवर दोराला टेकून काम करणाऱ्याच्या हातात धोक्याचे ठरते.

हे मी पुस्तकी ज्ञानावरून लिहीत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी धरमपेठेतील एका आवारात कडुनिंबाच्या फांद्या उतरवताना आम्ही जमिनीवर वापरायचा, मागे मूठ असलेला 18 इंची चेनसॉच वर पाठवला होता, आणि तो पाठवणारा मीच होतो. माझ्या सहकाऱ्याने तोल सांभाळण्यासाठी डाव्या हाताने फांदी धरली आणि उजव्या हाताने यंत्र चालवले. कापायची फांदी समोर होती, पण लांब बारचे टोक तिच्या मागच्या दुसऱ्या फांदीला लागले आणि यंत्र उसळून त्याच्याकडे आले. पुढच्या मुठीवर हात नसल्यामुळे ते आवरायला काहीच नव्हते. चेन त्याच्या कमरेच्या दोरातून आरपार गेली. वरच्या फाट्यातून घेतलेला दुसरा दोर अंगावर होता, एवढ्याचमुळे तो माणूस आज आपल्या नातवंडांत आहे. बारच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग कशालाही टेकला की यंत्र असे उसळते. बार जितका लांब, तितके त्याचे टोक कापणाऱ्याच्या नजरेआड जाते. फांद्यांच्या गर्दीत तर ते दिसतच नाही.

म्हणून चढून काम करण्यासाठी वरच्या बाजूला मूठ असलेला लहान चेनसॉ असतो. त्याचे इंजिन साधारण 35 ते 40 सीसीचे, बार 12 किंवा 14 इंची, आणि इंधन, बार व चेन सोडून वजन पावणेचार किलोंच्या आसपास असते. तो एका हाताने चालवण्यासाठी बनवला आहे असा समज आपल्याकडे पसरला आहे आणि तो चुकीचा आहे. मूठ वर दिली आहे ती यंत्र अंगाजवळ, दोन्ही हातांत तोलून धरता यावे म्हणून. हा चेनसॉ कमरपट्ट्याला छोट्या पट्ट्याने अडकवलेला असावा, तो हलवताना चेन ब्रेक, म्हणजे चेन जागीच रोखणारा ब्रेक, लावलेला असावा, आणि कापताना माणूस दोन स्वतंत्र ठिकाणी बांधलेला असावा : एक चढण्याचा दोर आणि दुसरा खोडाभोवतीचा, आत पोलादी तार असलेला. या शिस्तीचा सराव नसलेल्याने हे यंत्र जमिनीवरही हातात घेऊ नये, कारण दोन मुठी जवळजवळ असल्यामुळे उसळी आवरायला त्यात मुळातच कमी जोर मिळतो.

आता चिंचेच्या बुंध्याकडे वळू. घेर 11 फूट म्हणजे 132 इंच. त्याला 3.14 ने भागले की व्यास 42 इंच येतो. हा आकडा ऐकून 36 किंवा 42 इंची बार हवा असे वाटणे साहजिक आहे. पण जमिनीवरून कापताना बुंध्याच्या दोन्ही बाजूंनी जाता येते, त्यामुळे बारची लांबी व्यासाच्या निम्म्याहून थोडी अधिक असली तरी काम होते. इथे निम्मे म्हणजे 21 इंच. तेव्हा 25 इंची बार पुरतो. 36 इंची बार ओढायला 90 सीसीच्या वरचे इंजिन लागते, आणि असे यंत्र बार, चेन आणि इंधन सोडून नुसतेच सात किलोंच्या पुढे भरते. त्याच्या तुलनेत 25 इंची बार 70 सीसीच्या आसपासचे इंजिन चिंचेच्या टणक लाकडातही नीट चालवते. असे यंत्र बार, चेन आणि भरलेली टाकी धरूनही 8 किलोंच्या घरातच राहते. दिवसभर वाकून काम करणाऱ्याच्या पाठीला हा फरक संध्याकाळी कळतो.

तुमच्याकडचा 22 इंची बार हिशेबाने निम्म्याहून जेमतेम एक इंच जास्त आहे, परंतु 58 सीसीच्या यंत्रावर तो पूर्ण लाकडात बुडाला की इंजिन दबते, चेनचा वेग उतरतो आणि माणूस नकळत यंत्रावर भार देऊ लागतो. त्याच यंत्राला जुळणारा 18 इंची बार आणि त्याची चेन लावून घ्या. तेच यंत्र तुम्हाला नवे वाटेल.

या झाडापुरते सांगायचे, तर 25 इंची बार लागणार आहे तो शेवटच्या दिवशी, खालच्या आठ-दहा फुटांच्या खुंटासाठी. त्याआधीचे दोन-तीन दिवस सगळे काम वर आहे, आणि तिथल्या बहुतेक फांद्या फूटभर जाडीच्या आतल्या असतील. म्हणून तुमचे पैसे वर मूठ असलेल्या लहान चेनसॉवर घाला. अट एवढीच की चढणारा माणूस दोन दोरांवर काम करायला शिकलेला असावा. तो शिकलेला नसेल, तर आधी त्याच्या शिक्षणावर, दोरांवर आणि कमरपट्ट्यावर खर्च करा आणि वर वाकड्या पात्याची चांगली हातकरवत द्या. चार-पाच इंचांची फांदी ती पाहता पाहता कापते. मधल्या, दीड फुटापर्यंतच्या जाड फांद्यांसाठी चढलेला माणूस दोन्ही दोरांवर स्थिर झाल्यावर 18 इंची यंत्र स्वतंत्र दोराने वर ओढून द्यावे. ते घेऊन कोणीही चढू नये. शेवटच्या दिवसासाठी 70 सीसीचे यंत्र भाड्याने आणा, किंवा यंत्र चालवणाऱ्या माणसासकट बोलवा.

खुंट आडवा पाडण्याएवढी जागा वाड्यामागे असेल, तर पडण्याच्या बाजूची खाच व्यासाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाएवढी खोल ठेवा आणि मागून कापत येताना मध्ये व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी, म्हणजे इथे सुमारे चार इंचांची, बिजागरी न कापता राखा. खुंट कुठे जाईल हे तीच ठरवते. पाचरी प्लास्टिकच्या वापरा. लोखंडी पाचरीला चेन लागली तर दाते उडतात. जागा नसेल तर चकत्या कापाव्या लागतील, आणि तेव्हा ध्यानात ठेवा की 42 इंच व्यासाची, फूटभर जाडीची ओल्या लाकडाची एक चकती पाव टनाहून जड असते. ती हाताने सावरण्याचा विचारही कोणी करू नये.

वाड्यामागच्या झाडात आणखी एक गोष्ट हमखास सापडते, ती म्हणजे लोखंड. कपडे वाळत घालायच्या तारेचे, पाटीचे, दिव्याचे खिळे पन्नास वर्षांत सालीखाली गडप होतात. टॅनिन हे तुरट द्रव्य असलेल्या लाकडात अशा खिळ्याभोवती निळसर काळा डाग पसरतो; कापलेल्या तोंडावर तो दिसला की तिथेच थांबा आणि काप वर किंवा खाली सरकवा. जास्तीची चेन जवळ हवीच. चेनला धार आहे की नाही हे भुशावरून ओळखता येते : ओल्या खोबऱ्याच्या किसासारखे लांब तुकडे पडत असतील तर धार चांगली आहे, पिठासारखी पूड पडू लागली की यंत्र बंद करून कानस घ्या. लहान यंत्राच्या चेनला 4 मिलिमीटरची गोल कानस लागते, मोठ्या यंत्राच्या 3/8 इंच पिचच्या (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधले माप) चेनला 5.2 किंवा 5.5 मिलिमीटरची. (आजच्या चेनच्या दात्याचा वाकडा आकार अमेरिकेतील जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याला 1946 साली लाकूड पोखरणाऱ्या अळीचा जबडा पाहून सुचला. अळी लाकूड खरवडत नाही, डावी-उजवीकडे कापत जाते. धार गेलेली चेन मात्र खरवडते.) बारला वंगण म्हणून गाडीचे जळालेले ऑइल वापरण्याची आपल्याकडची सवय सोडा, त्यातील धातूचे कण बारची खाच झिजवतात.

परवानगीचा कागद कामाच्या जागी ठेवा. 2021च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या शहरी वृक्ष कायद्यात 50 वर्षे आणि त्याहून जुनी झाडे वारसा वृक्ष मानली जातात, आणि 11 फूट घेराची चिंच त्यात मोडण्याचीच शक्यता अधिक. परवानगी देताना झाडाचे वय कसे धरले आहे, हे मालकांना विचारून घ्या. महावितरणला कळवून वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री झाल्याखेरीज तारेच्या बाजूची एकही फांदी हलवू नका.

प्रश्न : रुग्णालयाच्या आवारातील झाडांची छाटणी करण्यासाठी बॅटरीवरचा चेनसॉ चढून वापरता येईल का?
— एक वाचक, वर्धा रोड, नागपूर

उत्तर : येईल, आणि अशा ठिकाणी मी तोच सुचवीन. आवाज कमी, धूर नाही, आणि दोन कापांच्या मधे इंजिन चालू ठेवावे लागत नाही, त्यामुळे वरचा आणि खालचा माणूस एकमेकांचे बोलणे ऐकू शकतात. मोठ्या झाडावर ही सोय लाखमोलाची आहे. मात्र शांत यंत्रामुळे धोका विसरला जातो. खटका दाबताच चेन पूर्ण वेगाने फिरते, म्हणून हातातून यंत्र सोडण्यापूर्वी चेन ब्रेक लावण्याची सवय इथे अधिक काटेकोर हवी. 12 इंची बार ठेवा आणि सात-आठ इंचांपेक्षा जाड फांद्या पेट्रोलच्या यंत्राकडे सोपवा. मे महिन्यात पारा 45 अंशांवर असताना बॅटऱ्या गाडीच्या बंद डिकीत ठेवू नका. तापलेली बॅटरी चार्जर घेत नाही. झाडाच्याच सावलीत, खोक्यात झाकून ठेवा आणि कामावरून काढलेली बॅटरी अर्धा तास निवू देऊन मगच चार्जिंगला लावा.