सोप सर्व्हिसच्या (एक्सएमएलमध्ये निरोप देणारी-घेणारी वेब सर्व्हिस) मल्टिपार्ट, म्हणजे अनेक तुकड्यांच्या, रिस्पॉन्समधली पीडीएफ पायथॉन स्क्रिप्टने कशी काढायची?

रिक्वेस्ट्स-टूलबेल्ट या पायथॉन लायब्ररीमधला मल्टिपार्टडिकोडर वापरा, तो हेडरमधली बाउंड्री (पार्ट वेगळे करणारी खूण) बघून सगळे पार्ट सुटे करून देतो, रेजेक्सने (मजकुरातले पॅटर्न शोधून) कापाकापी करत बसू नका. ऐरोलीला आमच्या ऑफिसात रोज रात्रीची स्क्रिप्ट अशीच चालते. रिस्पॉन्स आहे तसाच डिकोडरला द्यायचा, आधी टेक्स्ट करून घेतलात तर पीडीएफ सेव्ह होते पण नीट उघडत नाही, कारण बाइट्स बिघडलेले असतात. मग नेमका पार्ट कुठला ते असं जुळवा:

- रिस्पॉन्सच्या एक्सएमएल पार्टमधल्या इन्क्लूड टॅगच्या (पीडीएफ कुठल्या पार्टमध्ये आहे ते सांगणारा टॅग) एचरेफमधून सुरुवातीचं 'सीआयडी:' काढा, %40 असेल तर त्याचं @ करा (बरेच जण इथेच अडकतात)
- पार्टच्या हेडरमधल्या कंटेंट-आयडीचे < > काढा, आता दोन्ही सेम दिसतील

फक्त हा डिकोडर अख्खा रिस्पॉन्स मेमरीत घेतो, त्यामुळे फाइल शेकडो एमबीची असेल तर याच्या भरवशावर राहू नका.