मित्राच्या पेंटबॉल मार्करचं मिलिंग करून त्यावर नाव कोरायचं आहे. घरच्या सीएनसीवर जमेल का?

जमेल. मार्कर (हवेच्या दाबाने रंगाच्या गोळ्या उडवणारी खेळातली बंदूक) जुना ऑटोकॉकर मॉडेलचा आहे, घरी छोटं सीएनसी मिल, म्हणजे संगणकावर चालणारं कटिंग मशीन आहे आणि मित्राच्या वाढदिवसाला महिना आहे, असं तुम्ही लिहिलंय. यातल्या महिन्याचीच मला काळजी वाटते. अ‍ॅल्युमिनियमवर रंगीत थर चढवणारे अ‍ॅनोडायझिंगवाले छोटं काम नेहमी रांगेत शेवटी टाकतात.

मी भोसरीच्या टूलरूममध्ये सहा वर्षं काढून मिशिगनला आलो. इथे कामावरच्या एका अमेरिकन मित्राने पेंटबॉलची चटक लावली आणि पुढे त्याच्यासाठीच असा एक मार्कर केला. त्यामुळे हे सगळं स्वतःच्या चुका करून शिकलेलं आहे.

आधी बाहेरचं डिझाइन काढू नका. आधी आतलं काढा. ऑटोकॉकरची बॉडी म्हणजे एकावर एक दोन नळ्या. वरच्या नळीत गोळी बॅरलमध्ये ढकलणारा बोल्ट सरकतो, खालच्या नळीत मागे हॅमर आणि त्याच्या पुढे व्हॉल्व्ह. हॅमर आपटला की व्हॉल्व्ह हवा सोडतो. व्हॉल्व्हच्या पुढच्या पोकळीत हवा कायम दाबाखाली उभी असते. बाटलीत 3000 किंवा 4500 पीएसआय (दाबाचं एकक), बाटलीच्या रेग्युलेटरमधून साधारण 800 बाहेर, आणि मार्करवरचा रेग्युलेटर ते आणखी खाली आणतो. पण त्या रेग्युलेटरचं सील गेलं की ते 800 थेट पोकळीत. म्हणून तिथली भिंत 800 धरूनच बघायची. मी तर तिथे कटर नेतच नाही. शिवाय पंप रॉडचं भोक, डिटेंटचं भोक, व्हॉल्व्ह धरणारा खालचा स्क्रू, हे सगळं व्हर्निअरने मोजून एकाच ड्रॉइंगवर आणा.

माझी पहिली बॉडी इथेच गेली. वरच्या नळीवर बॉल एंड मिलने, म्हणजे गोल टोकाच्या कटरने, माशाच्या खवल्यांसारखे खोलगट कट मारत होतो, स्क्रीनवर फार देखणे दिसत होते. डिटेंट विसरलो. डिटेंट म्हणजे गोळी बॅरलकडे घरंगळू नये म्हणून बाजूने बसवलेला छोटा अडसर. त्याच्या भोकाला जेमतेम दीड आटा उरला. डिटेंट हलला की एकाऐवजी दोन गोळ्या उतरतात, बोल्ट दुसरीला मधोमध कापतो आणि आत रंगाची पंचमी होते. बॉडी भंगारात, खिशातले 120 डॉलर पाण्यात.

बांधणीचं सांगतो, कारण नवखे इथेच फसतात. रिकामी नळी व्हाइसमध्ये आवळली की ती अंडाकृती होते, आणि मग बोल्ट अडकतो. दोन्ही नळ्यांत घट्ट बसतील असे प्लग टर्न करून घाला, जबड्यांना अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे लावा आणि मगच आवळा. जॉब कोवळा आहे हे विसरू नका. दोन फ्लूटचा (धारांचा) कार्बाइड कटर, कमी डेप्थ, आणि चिप्स सतत उडवत राहा, नाहीतर अ‍ॅल्युमिनियम कटरलाच चिकटून बसतं. भोसरीत आम्ही ब्रशने रॉकेल मारायचो. इथे बायको वासाने ओरडते, म्हणून डब्ल्यूडी-40.

वजन किती कमी होईल, असंही विचारलंय. माझं 60 ग्रॅम झालं. पेंटबॉलची एक गोळी साधारण 3 ग्रॅमची, म्हणजे वीस गोळ्यांएवढं. दोनशे गोळ्यांचा हॉपर भरला की ते कोणाला कळणार? मिलिंग दिसण्यासाठी करायचं, उगाच कारणं शोधू नका. अपवाद फक्त मागच्या कॉकिंग ब्लॉकचा. तो प्रत्येक शॉटला मागेपुढे होतो, त्यामुळे तिथले थोडे ग्रॅम खरोखर जाणवतात आणि त्याला हलवणाऱ्या रॅमला (हवेच्या छोट्या पिस्टनला) कमी दाब पुरतो.

नाव देवनागरीत कोरणार असाल तर एक खड्डा आधीच दाखवतो. ड्रॉइंगवरून मशीनच्या हालचाली ठरवणाऱ्या बऱ्याच कॅम सॉफ्टवेअरांना देवनागरी जुळवता येत नाही. वेलांटी भलत्या अक्षरामागे जाते, जोडाक्षराचे पाय मोडतात. अक्षरं इंकस्केपमध्ये लिहा, त्यांचे पाथ (नुसत्या रेषा) करा आणि तेच डीएक्सएफ ड्रॉइंग फाइल म्हणून आत घ्या. मी फक्त ‘भाऊ’ कोरलं. माझ्या मित्राला येणारा तो एकमेव मराठी शब्द, आणि तो सगळ्यांनाच तसं म्हणतो. व्ही-बिट, खोली 0.2 मिलिमीटर. शिरोरेघ सलग एका पासमध्ये गेली पाहिजे. मधे थांबलात तर तिथे ठिपका उठतो आणि अ‍ॅनोडायझिंगनंतर तोच आधी डोळ्यात भरतो.

जुना रंग कॉस्टिक सोड्याने उतरतो, पण सोडा धातूही खातो, म्हणून बॉडी जास्त वेळ ठेवू नका. आटे सैल होतात. त्यापेक्षा अ‍ॅनोडायझिंगवाल्यालाच उतरवू द्या. त्याच्याकडे देण्याआधी स्टीलचा आणि पितळेचा प्रत्येक तुकडा काढा, अ‍ॅसिडची टाकी त्यांना सोडत नाही. बॉडी, ब्लॉक, फ्रेम एकाच बॅचमध्ये द्या. वेगवेगळ्या मिश्रधातूंवर एकच रंग वेगळा चढतो आणि बॅच बदलली तर फरक आणखी वाढतो.

जोडताना ओ-रिंगा नव्या घाला. पहिल्यांदा हवा भरताना चेहरा लांब, डोळ्यांवर मास्क. मग गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ. 300 फूट प्रति सेकंद ही सर्वसाधारण कमाल मर्यादा, पण पुष्कळ मैदानांवर 280 च्या आसपासच ठेवायला लावतात. टायमिंग, म्हणजे शॉट आणि ब्लॉकची हालचाल यांचा मेळ, तुम्ही लावा, पण त्यावर रात्री जागवू नका. ऑटोकॉकरवाल्याला दुसऱ्याने लावलेलं टायमिंग पटत नाही. आमच्या भाऊने खोका उघडला, दोन मिनिटं कोरलेलं नाव बघत बसला आणि मग खिशातून अ‍ॅलन की काढून माझ्यासमोरच सगळं सोडायला लागला.