एम १५ च्या गाभ्यात नेमका तारा ओळखायचा असेल तर आधी चौकट जुळवा

एम १५ या दाट तारकागुच्छात चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीने दाखवलेल्या जागी हबलच्या प्रतिमेत चार-पाच तारे दिसतात, त्यातला क्ष-किरण जोडतारा (न्यूट्रॉन ताऱ्यासारखा घन तारा जोडीदाराचा वायू ओढतो ती जोडी) कोणता, हा तुमचा प्रश्न वाचून माझी पीएचडी आठवली. तुमचं रिडक्शन, म्हणजे कच्च्या डेटावरची प्रक्रिया, बहुधा बरोबर आहे. दोन दुर्बिणींच्या चौकटी, म्हणजे आकाशातल्या जागा मोजायच्या त्यांच्या जाळ्या, एकमेकींवर बसलेल्या नाहीत.

चंद्राने दिलेली जागा अर्ध्या-पाऊण आर्कसेकंदाने (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकलेली असू शकते. हबलच्या जुन्या प्रतिमांच्या हेडरमध्ये, म्हणजे फाइलीच्या सुरुवातीच्या माहितीत, तर आर्कसेकंदाहून जास्त फरक सापडायचा, कारण मार्गदर्शक ताऱ्यांची जुनी यादीच ढिली होती. विरळ आकाशात हे खपतं, एम १५ च्या दाटीवाटीच्या गाभ्यात नाही. मला हे ज्या मदतकक्षाने सांगायचं, तो दर वेळी ‘डेटा ठीक आहे’ असं लिहून तक्रार बंद करायचा. वर सॉफ्टवेअर पुन्हा टाकायला सांगितलं! अख्खं सत्र वाया गेलं, त्याचा राग अजून आहे. विद्यार्थ्याला प्रश्न नीट मांडता आला नाही तरी तो समजून घेणं हे त्या खुर्चीचं काम आहे.

आता उपाय. एम १५ मधल्याच एसी २११ या क्ष-किरण जोडताऱ्याला खुंटा करा. निळा, तेजस्वी, कक्षाकाल १७.१ तास, ओळख पक्की. त्याची क्ष-किरण जागा हबलमधल्या ताऱ्यावर बसवा आणि बाकी सगळं तेवढंच सरकवा. तिथला दुसरा क्ष-किरण जोडतारा एक्स-२ त्याच्यापासून फक्त २.७ आर्कसेकंदांवर आहे. २००१ मध्ये चंद्राने वेगळे करेपर्यंत दोघे एकच समजले जात. एसी २११ चा न्यूट्रॉन तारा भोवतीच्या वायूच्या तबकडीआड झाकलेला असताना तिथून क्ष-किरणांचे स्फोट कसे दिसतात, हे कोडं तेव्हाच सुटलं: स्फोट एक्स-२ चे.

नुसत्या जागेवर मात्र शिक्का मारू नका. एक्स-२ ची खात्री पटली ती हबलच्या अतिनील निरीक्षणांत तेजाचा २२.६ मिनिटांचा चढउतार, म्हणजे त्याचा कक्षाकाल, मिळाल्यावर. एच-अल्फा फिल्टरवर (तो हायड्रोजनचा लाल प्रकाश टिपतो) वेळ घालवणं मला तरी चूक वाटतं: इतक्या आखूड कक्षेत साधा हायड्रोजनयुक्त तारा मावतच नाही, वायू देणारा जोडीदार श्वेत बटूसारखा हायड्रोजन गमावलेला असतो.

माझा अनुभव डेटा-प्रक्रियेच्या जुन्या पाइपलाइनचा आहे. आता हबलच्या बऱ्याच प्रतिमा गाया या ताऱ्यांच्या जागा अचूक मोजणाऱ्या उपग्रहाच्या चौकटीला जोडलेल्या मिळतात, तरी हेडर स्वतः तपासा.

आणि हो, ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरच्या एसएक्सटी या क्ष-किरण दुर्बिणीने हे दोन स्रोत वेगळे होणार नाहीत, त्यासाठी प्रस्ताव लिहू नका. त्याच उपग्रहावरचा लॅक्सपीसी हा क्ष-किरण मोजक वापरायचाच असेल तर एनजीसी ६६२४ या तारकागुच्छातला ४यू १८२०-३० हा असाच आखूड कक्षेचा जोडतारा बघा, कक्षाकाल ६८५ सेकंद. फक्त दोन वेगळ्या महिन्यांचा डेटा जोडण्याआधी बॅरिसेंटर दुरुस्ती (वेळा सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्राला धरून मोजणं) केलीच पाहिजे, नाहीतर कला, म्हणजे कक्षेतला टप्पा, जुळणार नाही.