श्रोत्यांनी सूचना केल्या, गुण मात्र वडिलांनी दिले

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तेथील एका सामुदायिक रेडिओ केंद्राने हौशी निवेदकांसाठी घेतलेल्या चाचणीत त्याने स्वतः लिहिलेला तीन मिनिटांचा विनोदी भाग सादर केला. विषय होता आमच्या बार्शीच्या एसटी स्थानकावरील चौकशीची खिडकी. केंद्राने सर्व उमेदवारांचे भाग प्रसारित करून श्रोत्यांच्या लेखी प्रतिक्रिया मागवल्या व त्या ज्याच्या त्याला दिल्या. मुलाला 38 प्रतिक्रिया मिळाल्या. मी त्यांचा तक्ता तयार केला असून त्यात 21 अनुकूल व 17 प्रतिकूल, म्हणजे अनुकूलतेचे प्रमाण सुमारे 55 टक्के येते. वडीलधाऱ्यांचे मत कळावे म्हणून तक्ता आणि काही प्रतिकूल प्रतिक्रिया कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकल्या. दुसऱ्या फेरीचे बोलावणे आले आहे, परंतु तो जाणार नाही म्हणतो. त्याचा आवाज भारदस्त नाही आणि विनोदबुद्धी तर उपजतच असावी लागते. पूर्वी तो घरात सारख्या नकला करत असे, आता गंभीर झाला आहे, ही एक जमेची बाजू. 55 टक्क्यांवर हा मार्ग धरू द्यावा, की आतापासूनच स्पर्धा परीक्षांच्या तयारीला लावावे? सर्व प्रतिक्रियांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.
– एक पालक (पतसंस्थेत व्यवस्थापक), बार्शी

उत्तर : आपल्या पत्रातील ज्या वाक्याने मला अस्वस्थ केले ते टक्केवारीचे नाही. घरात सारख्या नकला करणारा वीस वर्षांचा मुलगा अचानक गप्प झाला, आणि त्याचे हे गप्प होणे आपण जमेच्या बाजूला मांडले. आपण हिशेबात मुरलेले गृहस्थ आहात, तरीही ही नोंद चुकीच्या रकान्यात पडली आहे. परक्या श्रोत्यांनी केलेली टीका त्याने कदाचित पचवलीही असती, कारण माइकसमोर उभे राहण्याचे धाडस करणाऱ्याला चार लोक नावे ठेवणार एवढे ठाऊक असतेच. तीच टीका आत्या, काका, मावशी आणि बहुधा धाकट्या चुलत भावंडांसमोरही वडिलांनीच निवडून मांडली, तीही अनुकूल शेरे वगळून, हे मात्र त्याला पचलेले दिसत नाही. त्या गटावर नंतर काय काय लिहिले गेले ते आपण कळवलेले नाही, आणि मला त्याचा अंदाज करावा लागू नये अशी माझी इच्छा आहे. वडीलधाऱ्यांचे मत हवे होते, तर त्यांना आधी तो तीन मिनिटांचा भाग ऐकवायला हवा होता. तो किती जणांनी ऐकला? आपण स्वतः ऐकला का? पत्रात तसा उल्लेख कुठेच नाही, म्हणून विचारतो.

दुसरी गोष्ट अशी की, ज्या केंद्राने चाचणी घेतली त्याने मुलाला दुसऱ्या फेरीला बोलावले आहे, म्हणजे चाचणीचा निकाल लागलेला आहे आणि त्यात तो उत्तीर्ण आहे. आपल्या तक्त्यात त्यासाठी जागाच नसल्यामुळे ही बातमी पत्रात तक्रारीच्या सुरात एका ओळीत येऊन गेली. आपण दिलेले 55 टक्के हे मूल्यमापन केंद्राने मागितलेले नव्हते, श्रोत्यांनी केलेले नव्हते आणि मुलाला त्याचा उपयोगही नाही.

आता त्या प्रतिक्रियांविषयी. मी त्या सर्व वाचल्या. आपण अनुकूल ठरवलेल्यांपैकी बऱ्याचशा ‘मस्त’, ‘एक नंबर’, ‘भावा, गाजवलंस’ अशा आहेत. त्या उघडच मित्रांच्या आहेत आणि त्यांतून शिकण्यासारखे काही नाही. उलट प्रतिकूल रकान्यात एका श्रोत्याने लिहिले आहे की, शेवट समजला नाही, पण खिडकीमागच्या बाईंचा प्रसंग पुन्हा ऐकायला आवडेल. हौशी निवेदकाला पहिल्याच प्रयत्नात याहून मोठी पावती मिळत नसते, आणि आपण ती ‘शेवट समजला नाही’ या तीन शब्दांवरून प्रतिकूल ठरवली. ‘बडबड पुरे, गाणी लावा’ हा शेरा कोणत्याही रेडिओवरील कोणत्याही निवेदकाला मिळतो. त्याचा आपल्या मुलाशी काहीही संबंध नाही. ‘स्वतःच्या विनोदावर स्वतःच आधी हसतो’ अशी तक्रार मात्र निरनिराळ्या शब्दांत चार जणांनी केली आहे, आणि ती खरी असणार. रेडिओ ऐकणारा माणूस बहुतेक वेळा एकटा असतो, स्वयंपाकघरात, दुकानात किंवा रिक्षात. त्याच्या आजूबाजूला हसणारे प्रेक्षक नसतात, त्यामुळे निवेदक आधी हसला की आपल्याला हसण्याचा हुकूम मिळाल्यासारखे त्याला वाटते आणि तो हसत नाही. हा दोष सरावाने जातो. आपला भाग ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी थंड डोक्याने ऐकणे, एवढाच त्यावरचा उपाय आहे, आणि त्याला भ्रमणध्वनीखेरीज काही लागत नाही.

‘शुद्ध बोलत नाही’ असे तिघांनी म्हटले आहे आणि आपण त्याखाली लाल रेघ ओढली आहे. बातमीपत्र वाचायचे असते तर मी ती रेघ मान्य केली असती. सामुदायिक रेडिओ मात्र ज्या परिसरासाठी चालतो तेथील लोकांच्या भाषेत आणि बोलीत बोलावा, अशीच शासनाच्या मार्गदर्शक सूचनांची अपेक्षा आहे. सातारा जिल्ह्यातील म्हसवडचे माणदेशी तरंग हे केंद्र आपल्या परिसरातील बायाबापड्यांशी त्यांच्याच बोलीत बोलते. बार्शीच्या स्थानकावरचा प्रसंग पुणेरी उच्चारांत सांगितला असता, तर त्यातली निम्मी गंमत गेली असती. पुण्याच्या श्रोत्यांपुढे ही बोली किती ठेवावी, हा प्रश्न जरूर आहे, पण तो संपादनाचा प्रश्न आहे आणि तो मुलाने केंद्रातील माणसांबरोबर बसून सोडवावा.

विनोदबुद्धी उपजत लागते, हा आपला समज फार पसरलेला आहे आणि त्याने पुष्कळ मुलांचे नुकसान केले आहे. चारचौघांत हजरजबाबी असणे आणि रेडिओवर विनोदी असणे ही दोन वेगळी कामे आहेत. आपल्या पिढीतील अनेकांना मुंबई आकाशवाणीवरची ‘पुन्हा प्रपंच’ ही कौटुंबिक मालिका ठाऊक असेल. प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावोजी यांचे बोलणे शेजारच्या घरातून ऐकू यावे इतके सहज वाटे, मात्र ही पात्रे रंगवणारे प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर यांच्यापुढे लिहिलेली संहिता असे आणि ती बेतून सादर केली जाई. आजचा खासगी एफएमवरचा निवेदक दोन गाण्यांमध्ये जेमतेम मिनिटभर बोलतो, आणि ते मिनिट चांगले निघावे म्हणून आधी लिहितो, वाचतो, निम्मे खोडतो. मुलाच्या संहितेतील एक वाक्य उदाहरणादाखल घेतो : ‘चौकशीच्या खिडकीवर चौकशी करू नये अशी पाटी कोणीतरी लावून ठेवलेली होती.’ कल्पना उत्तम आहे, पण हसू येण्याची जागा वाक्याच्या मधोमध येते आणि पुढे क्रियापदाची शेपटी वळवळत राहते, तोवर ऐकणाऱ्याचे हसू विरून जाते. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने विनोदी लिहिणाऱ्या प्रत्येकाला ही अडचण येतेच. ‘चौकशीची खिडकी. खिडकीवर पाटी. चौकशी करू नये.’ असे लिहिले आणि शेवटच्या तीन शब्दांनंतर क्षणभर थांबले की काम होते. हे कौशल्य रक्तातून येत नाही, ते लिहून लिहून येते. आवाजाचेही तेच. भारदस्त आवाज उद्घाटनाच्या सूत्रसंचालनाला शोभतो. विनोदाला तो पुष्कळदा अडचणच करतो.

व्यवसाय म्हणून या क्षेत्राकडे पाहायचे, तर मी आपल्याला गोड चित्र दाखवणार नाही. सामुदायिक केंद्रावरचे काम बहुधा विनामोबदला किंवा नाममात्र मानधनाचे असते. आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषकांची निवड लेखी परीक्षा आणि आवाजाची चाचणी घेऊन होते. ती प्रतिष्ठेची आहे, परंतु महिन्याला मोजक्याच पाळ्या मिळतात आणि ती कायम नोकरी नव्हे. खासगी एफएम केंद्रे पुणे, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर अशा शहरांत आहेत. त्यांना स्वतःच्या बातम्या तयार करून देण्याची परवानगी नसल्यामुळे गाण्यांमधला वेळ हलक्याफुलक्या बोलण्यानेच भरावा लागतो आणि विनोदी निवेदकाला म्हणूनच मागणी राहते, पण निवेदकांच्या जागा मुळातच थोड्या असतात आणि एकेका जागेसाठी उमेदवारांची रीघ लागते. (अनोळखी माणसाला फोन करून फसवायचे आणि त्याच्या फजितीवर हसायचे, हा प्रकारही तेथे विनोद म्हणून खपतो, आपल्या मुलाने तो शिकू नये असे माझे स्पष्ट मत आहे.) पदवी त्याने पूर्ण करावीच, आणि पदवीनंतर बँकेच्या किंवा राज्यसेवेच्या परीक्षांची वाट त्याला मोकळी आहेच, दुसरी फेरी दिल्याने ती बंद होत नाही.

किंबहुना त्या 38 कागदांवरून मला जो मुलगा दिसतो तो निवेदकापेक्षा लेखक अधिक आहे. श्रोत्यांना आवडलेल्या बहुतेक जागा त्याने आधी लिहून आणलेल्या आहेत, आणि फसलेल्या जागा बोलता बोलता सुचलेल्या दिसतात. रेडिओ केंद्रांना जाहिराती, कार्यक्रमांच्या झलका आणि छोटी प्रहसने लिहिणारी माणसे लागतात, जाहिरात संस्थांना मराठीत विचार करून मराठीत लिहिणारी माणसे लागतात, आणि हिंदी-इंग्रजी मजकुराच्या अनुवादावर चालणाऱ्या आजच्या मराठी जाहिराती ऐकल्या की अशी माणसे किती कमी आहेत ते कळते. तो निवेदक होईल की नाही हे मी सांगू शकत नाही. पुढचे वर्षभर त्याने दर आठवड्याला एक तीन मिनिटांची संहिता लिहिली, ती ध्वनिमुद्रित केली आणि केंद्रातील एखाद्या अनुभवी माणसाकडून कापून घेतली, तर पदवी हाती येईपर्यंत कोणालाही दाखवता येईल असे काम त्याच्याजवळ साठलेले असेल, आणि निर्णय त्या कामावरून घेता येईल.

आपण करायच्या गोष्टी थोड्या आहेत. कुटुंबाच्या गटावर जे टाकले ते काढून घ्यावे आणि तसे मुलाला सांगावे. क्षमा हा शब्द उच्चारणे जड वाटत असेल, तर ‘तो तक्ता मी करायला नको होता’ एवढे वाक्य पुरेल. प्रतिक्रियांचे मूळ कागद त्याच्या हाती परत द्यावेत, लाल रेघांसह का होईना. दुसऱ्या फेरीसाठी केंद्राला दूरध्वनी त्याने स्वतः करावा, आपण त्याच्या वतीने करू नये आणि त्याने केला की नाही याची रोज चौकशीही करू नये. तो गेलाच नाही, तर तो त्याचा निर्णय असेल आणि त्यावर घरात चर्चा नको. गेला, तर यावेळी तो भाग प्रसारित होईल तेव्हा आपण ऐकावा आणि हसू आले तर हसावे. पुढे मार्गदर्शन हवेसे वाटले, तर यानंतरचे पत्र त्याने लिहावे आणि सोबत दुसऱ्या फेरीची संहिता पाठवावी.