रात्री रानडुकरांच्या शिकारीसाठी बंदुकीच्या दुर्बिणीवर बसणारा लाईट कोणता घ्यावा? (शिराळा, सांगली)

आधी परवानगीचं बघा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे वनखात्याच्या परवानगीशिवाय डुक्कर मारणं गुन्हा आहे, मग नुकसान कितीही होवो.

परवानगी असेल तर लुमेनच्या आकड्याला भुलू नका, कँडेला बघा. लुमेन म्हणजे एकूण उजेड, कँडेला म्हणजे झोताची धार. १०,००० कँडेलाचा लाईट कागदावर २०० मीटर जातो, पण त्या टोकाला उजेड जेमतेम चांदण्याइतका. म्हणून निम्मंच अंतर धरा. उसात तर दहा फुटांपलीकडे तसंही काही दिसत नाही; झोत लागतो तो बांधावर आणि भुईमुगात.

रंग लाल घ्या. डुकराला लाल फारसा कळत नाही, पांढऱ्यानं ते बुजतं. हिरवा आपल्या डोळ्याला जास्त लख्ख दिसतो, पण मी लालच घेईन. लाईट भिंगाच्या जरा पुढे बसवा, नाहीतर नळीवरून उजेड परतून डोळ्यांवर येतो.

आणि शोधायला वेगळी बॅटरी ठेवाच. बंदुकीवरच्या लाईटनं शोधायचं म्हणजे दिसेल त्याच्यावर नळी रोखायची. आपल्याकडे रात्रपाळीची वीज आली की निम्मं गाव पाणी पाजायला रानात असतं!