हसण्याची इंग्रजी क्रियापदे

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून हौसेने मराठी कथांचे इंग्रजी भाषांतर करते. कोशात ‘हसणे’ यासाठी लाफ, चकल, गिगल, टिटर, स्निगर, गफॉ, कॅकल असे अनेक शब्द सापडतात. ते एकमेकांच्या जागी चालतात का? ‘आजोबा माझ्याकडे बघून हसले’ याचे भाषांतर मी ‘लाफ्ड ॲट मी’ असे केले, ते माझ्या नातीने चुकीचे ठरवले. त्यात काय चुकले?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आधी नातीचा आक्षेप घेऊ, कारण तो बरोबर आहे. मराठीतले ‘हसणे’ ओठांवरच्या हसूपासून खो खो हसण्यापर्यंत सगळ्याला पुरते, आणि ‘माझ्याकडे बघून हसले’ व ‘मला हसले’ यांतला फरक आपण क्रियापद न बदलताच राखतो. इंग्रजीत आवाज नसेल तर ‘स्माइल’ आणि आवाज झाला तर ‘लाफ’, अशी फारकत क्रियापदातच झालेली असते. ‘स्माइल’पुढे ‘ॲट मी’ आले तर त्यात आजोबांची माया दिसते, पण तेच ‘लाफ’पुढे आले की टिंगल होते. विनोदाला हसतानाही ‘लाफ ॲट’च म्हणतात, पण तेथे अर्थातच कोणाचा अपमान नसतो. शाळेत हमखास ऐकू येणारे ‘लाफ ऑन मी’ हे तर आपल्या ‘माझ्यावर हसला’चे अपत्य आहे.

आता कोशातल्या शब्दांकडे वळू. ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत, कारण आपण ‘खुदकन’, ‘खळखळून’, ‘फिदीफिदी’ अशी क्रियाविशेषणे जोडून जे सांगतो, ते इंग्रजीत बहुधा क्रियापदच सांगते, आणि हसणाऱ्याविषयीचे लेखकाचे मतही त्यातच दडलेले असते. भरताच्या नाट्यशास्त्रात स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे हास्याचे सहा प्रकार सांगून ते उत्तम, मध्यम व अधम पात्रांना दोन-दोन वाटून दिले आहेत. इंग्रजीत अशी वाटणी लिहून ठेवलेली नसली, तरी वापरात ती जाणवते.

‘गिगल’ हे लहान मुलांचे किंवा अवघडलेल्या माणसाचे हसणे आहे. न्यायाधीशाला ‘गिगल’ करायला लावले, तर वाचकाला तो पोरकट वाटणारच. ‘टिटर’ म्हणजे दाबून ठेवलेले, सभेत मागच्या रांगेतून ऐकू येणारे हसू. ‘स्निगर’मध्ये कोणाची तरी फजिती झालेली असते आणि हसणारा ती चोरून उपभोगत असतो. अमेरिकेत यासाठी ‘स्निकर’ रूढ आहे. त्या शब्दाशी जुळणाऱ्या नावाच्या चॉकलेटचा मात्र हसण्याशी संबंध नाही, ते नाव मालकांच्या घोड्यावरून आले. ‘गफॉ’ हा मूळचा स्कॉटिश शब्द गडगडाटी आणि काहीशा असंस्कृत हसण्यासाठी आहे. ‘कॅकल’ हा अंडे घातलेल्या कोंबडीचा कलकलाट. तो चेटकिणीला शोभतो, पण एरवी बाईच्या हसण्याला लावला तर शिवीच्या जवळ जातो. ‘चकल’ त्यामानाने प्रेमळ आहे. आजोबा वर्तमानपत्र वाचता वाचता स्वतःशीच हलकेच हसले, तर ‘चकल’ लिहावे. मात्र ‘गालातल्या गालात’ हसण्याला आवाज नसल्याने तेथे ‘स्माइल’कडेच परत यावे लागते. ‘चॉर्टल’ तर चक्क घडवलेला शब्द आहे. लुईस कॅरल यांनी 1871 साली ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’मधल्या ‘जॅबरवॉकी’ या कवितेत तो वापरला, आणि ‘चकल’ व ‘स्नॉर्ट’ यांच्या जोडणीतून तो झाला असे मानले जाते.

भाषांतरात मला सर्वांत अवघड वाटते ते ‘फिदीफिदी’. या शब्दात बोलणाऱ्याची नापसंती असते, ती ‘गिगल’मध्ये असेलच असे नाही. म्हणून मैत्रिणी उगाच फिदीफिदी हसत असतील तर ‘गिगल’ चालेल, पण घसरून पडलेल्या मास्तरांना पाहून मुले फिदीफिदी हसली असतील तर ‘स्निगर’च हवे.

व्याकरणाची एकच गोष्ट सांगतो. ‘लाफ’ हे नाम एका वेळच्या हसण्यासाठी असून मोजता येते. ‘लाफ्टर’ मोजता येत नाही, म्हणून ‘अ लाफ्टर’ लिहू नये. संवादानंतर ‘असे तो म्हणाला’ याऐवजी ‘ही चकल्ड’ लिहिण्याची पद्धत इंग्रजी कादंबऱ्यांत आढळते, पण हसता हसता सबंध वाक्य उच्चारणे कठीण असल्याने ती अनेक संपादकांना खटकते. आपण ‘म्हणाला’साठी साधे ‘सेड’ वापरावे आणि हसणे पुढच्या वाक्यात आणावे.